हेडफोन घ्यायचा तर रात्रीच्या हिशेबाने

हेडफोन कोणता घेऊ, हा प्रश्न मला महिन्यातून एकदा तरी येतो. (कायम कानाला काहीतरी लावून बसलेला माणूस म्हणजे त्यातला जाणकार, असा हापिसात समज आहे.) गेल्या आठवड्यात विचारणाऱ्याची अडचण जरा वेगळी होती. वन बीएचके, बायकोची पहाटेची शिफ्ट, आणि याला गाणी ऐकायला वेळ मिळतो तो रात्री अकरानंतर. "मला बाहेरचं ऐकू आलं तरी चालेल रे, पण माझं बाहेर जाता कामा नये." रिव्ह्यू वाचायला बसलात तर याचं उत्तर क्वचितच सापडतं. बास कसा, बॅटरी किती तास, बाहेरचा गोंगाट किती अडतो, सगळं असतं. शेजारी झोपलेल्या माणसाला काय ऐकू येतं, हे तपासायचं कोणाच्या डोक्यातच येत नाही. रिव्ह्यू लिहिणारे बहुधा एकटे राहत असावेत. (ह. घ्या.)

माझं मत आधीच सांगून टाकतो. हेडफोन दुकानात ऐकून निवडू नये, तो घरातल्या सगळ्यात शांत रात्रीच्या हिशेबाने निवडावा.

आता थोडी इंजिनीअरिंगची पुस्तकं उघडूया, फार नाही. हेडफोनमधला पडदा पुढे हलतो तेव्हा कानाकडे आवाज जातो आणि तितकाच मागच्या बाजूलाही जातो. मागच्या आवाजाचं काय करायचं, यावरून दोन घराणी पडली. एक घराणं म्हणतं, जाऊ द्या. कपाला जाळी लावा, मागचं मागे सुटू दे. १९६८ साली सेनहायझरने एचडी ४१४ हा असा पहिला उघड्या पाठीचा हेडफोन विकायला आणला. १९९७ चा एचडी ६०० हा त्याच घराण्यातला, आणि शौकीन मंडळी त्याचं नाव काढताना आवाज जरा खाली आणतात. दुसरं घराणं कप बंद करतं आणि मागचा आवाज आतल्या आत जिरवतं. शौकिनांचं म्हणणं, बंद कपात आवाज डब्यात बसल्यासारखा येतो. त्यात तथ्य आहे, नाही असं नाही.

पण उघड्या हेडफोनमधून शेजाऱ्याला गाणं ऐकू जातं असं समजू नका. खर्जातला आवाज पुढून आणि मागून एकमेकांच्या उलट निघतो आणि बाहेर हवेत बराचसा एकमेकांना खाऊन टाकतो. उरतो तो वरचा, पातळ आवाज. म्हणजे तुम्ही अभंग ऐकत असाल तर शेजारच्याला ना गायक, ना पखवाज. फक्त टाळ. च्यक च्यक च्यक च्यक. १९७९ मध्ये सोनीचा वॉकमन आला तोही स्पंजच्या पातळ, उघड्या हेडफोनसकट, आणि ट्रेनमधल्या शेजाऱ्यांनी ही च्यकच्यक पुढे वर्षानुवर्षं सोसली.

हे सगळं मला नीट जाणवलं ते उत्रोलीत. शनिवार-रविवार मी भोरजवळच्या या आमच्या गावी असतो. माझं टेबल माजघरात, आजीची खाट पलीकडच्या खोलीत, आणि मधे दार म्हणजे नुसता पडदा. मित्राचा उघडा एचडी ६०० काही दिवस माझ्याकडे होता. पुण्यात फ्लॅटवर तो लावला तर दोन हातांवर बसलेल्या रूममेटला काहीही ऐकू येईना. डोक्यावर पंखा, खिडकीखाली रिक्षा, त्यात टाळ कुठल्या कुठे बुडून गेले. तोच हेडफोन, तोच आवाज, जुलैत उत्रोलीत लावला तरी काही नाही. पत्र्यावर पाऊस आणि भातखाचरातले बेडूक यांच्यापुढे एचडी ६०० ची काय मजाल. आणि जानेवारीत? पंखा बंद, बेडूक नाहीत, रस्त्यावर गाडी नाही. मामेभावाला हेडफोन लावायला दिला आणि आजीच्या खाटेवर जाऊन बसलो, तर तिथे टाळ मोजता येत होते! आजी म्हणाली, "कुणाकडं भजन लागलंय रं?"

म्हणजे गळती हा नुसत्या हेडफोनचा गुण नाही. गळलेला आवाज आणि खोलीतली शांतता यांच्यातला तो फरक आहे. सरकारी नियमाने (२००० सालचे ध्वनिप्रदूषण नियम) निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ मर्यादा ४५ डेसिबलची. हिवाळ्यात गावाकडची रात्र त्याच्या बरीच खाली असते. शहरात ऐकून 'अजिबात गळत नाही' असं कोणी लिहिलं, तर त्याच्या पंख्याला विचारा.

मग घ्यायचा कोणता? मी स्टुडिओत वापरतात त्या जातीकडे बघतो. तिथे गायक माइकसमोर उभा असतो आणि त्याच्या कानात ठेका वाजत असतो. तो ठेका हेडफोनमधून गळून माइकात शिरला तर टेक वाया. गळतीचा धाक असलेल्या माणसांसाठी बनवलेली ही वस्तू आहे. सोनीचा एमडीआर-७५०६ हा १९९१ पासून चाललाय तो यासाठीच. दिसायला ओबडधोबड आहे, असू दे. बायरडायनॅमिकचा डीटी ७७० ही त्याच कामाचा, पण त्यात बाससाठी मुद्दाम हवेची वाट ठेवलेली आहे. 'बंद' म्हणजे सीलबंद नव्हे, हे लक्षात ठेवा.

कपापेक्षाही जास्त गळतं ते गादीच्या कडेने. चष्म्याची काडी, कानावरचे केस, सैल झालेला पट्टा, यातलं काहीही गादी आणि गाल यांच्यात फट पाडतं. फट पडली की आधी बास जातो. बास गेला म्हणून आपण आवाज वाढवतो, आणि वाढवलेला आवाज त्याच फटीतून बाहेर. रेक्झिनची गादी मखमलीपेक्षा चांगली बसते, पण आपल्याकडच्या घामात ती सोलून काळे कपचे मानेवर पडायला लागतात. म्हणून बदली गादी मिळते का, हे खरेदीच्या आधी बघावं. तपासायचं असेल तर हेडफोन दुसऱ्याच्या डोक्यावर, त्याच्या चष्म्यासकट, आणि आपण हातभर लांब. टेबलावर ठेवून ऐकण्याला काही अर्थ नाही, तिथे गाल नसतो.

नॉइज कॅन्सलिंगबद्दल एक गैरसमज सार्वत्रिक आहे. ते तंत्र तुमच्या कानाशी येणारी घरघर मारतं, तुमच्याकडून सुटलेल्या गाण्याचा पाठलाग करत नाही. स्वारगेट-भोर एसटीत त्याचा उपयोग आहे. इंजिनाची घरघर कमी झाली की आवाज कमी ठेवून भागतं आणि गळतीही आपोआप घटते. (एसटीत हेडफोनशिवाय रील्स लावणाऱ्यांचं काय करायचं हा वेगळा विषय. बेस्टने २०२३ मध्ये आपल्या बसमध्ये त्यावर बंदी आणली, एवढं सांगतो.) रात्री माजघरात मारायला घरघरच नाही. तिथे त्याचे जास्तीचे पैसे कशाला?

रबरी बोंडाचे इयरफोन सगळ्यात कमी गळतात, हे मान्यच. मला ते तासाभराने टोचतात. असो.

आवाज १० डेसिबलने खाली आणला की साधारण निम्मा वाटतो, आणि एवढी गळती कमी करायला एक पैसा लागत नाही. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांसाठी ८० डेसिबल, आठवड्याला ४० तास असं सांगते. शांत रात्री त्याच्या पुष्कळ खाली सगळं स्वच्छ ऐकू येतं.

एक गोष्ट मात्र कोणत्याही पैशात सुटत नाही. जी गादी गाणं बाहेर जाऊ देत नाही, ती बाहेरचंही आत येऊ देत नाही. वाट एकच आहे. आजीला रात्री एकदा तरी उठावं लागतं, धरून न्यावं लागतं, आणि ती हाक मारते ती अगदी हळू, "आहेस का रं?" एवढीच. बंद हेडफोनमध्ये ती हाक मला ऐकू येत नाही. एक कान उघडा ठेवला तर पुन्हा टाळ तिच्या उशाशी. बाहेरचे आवाज माइकने आत सोडणारे हेडफोन मिळतात, मी दोन वापरून पाहिले. कपाचा आवाज, कुत्र्याचा आवाज, सगळं येतं. पडद्याआडची आजी पुसट.

शेवटी खाटेच्या कडेला दिव्याचं बटण बसवून घेतलं. दिवा लागला की पडद्याखालून उजेड थेट माझ्या टेबलापर्यंत येतो. आजीला हाक मारण्यापेक्षा हे बरं वाटतं, "वरडायला नको" म्हणते. वीज गेली तर दिवा लागणार नाही, म्हणून त्या रात्री लॅपटॉपला चार्ज असला तरी हेडफोन खुंटीला.