तांबड्या दिव्याची साक्ष

वाचकहो, गेला महिनाभर जो भेटेल तो आम्हांस एकच प्रश्न विचारतो, "फादर, गाडी बरी झाली का?" प्रत्येकास निरनिराळे उत्तर देत बसण्यापेक्षा सारी हकीकत या सदरात एकदाच सांगून टाकावी असे आम्ही ठरविले आहे. बीदर व कलबुर्गीकडील आपल्या गावांत हल्ली आळीआळीला एखादी मोटार दिसू लागली आहे, आणि ती बहुधा दुसऱ्याच्या हातची असते. तेव्हा आमच्या गाडीचे दुखणे आमच्यापुरतेच नाही, अशी आमची समजूत आहे.

ही मोटार आम्ही दीड वर्षापूर्वी जुन्यात घेतली. रंग सुबक, आसने नीटनेटकी आणि इंजिन धुऊनपुसून लखलखीत केलेले. इतक्या वर्षांच्या गाडीचे इंजिन खालून एवढे स्वच्छ कसे, हा प्रश्न त्या वेळी आमच्या मनास शिवलासुद्धा नाही. होळीच्या सुमारास बीदरहून परत येताना, तेलाच्या बुधल्याचे चित्र असलेला तो तांबडा दिवा समोर क्षणभर लागला व विझला. पुढे आठ दिवस काही नाही. मग पुन्हा एकदा लागला व पुन्हा विझला.

आम्ही एका कारागिरास गाडी दाखविली. त्याने बॉनेट उघडले, आत हात न घालताच मान डोलावली आणि निर्णय दिला, "सेन्सर गेलाय. तार काढून टाका, दिव्याची कटकट संपेल." दुसऱ्या ठिकाणी गेलो, तर तेथे इंजिन उतरवून सारी बेअरिंगे बदलावी लागतील असे सांगून चाळीस हजारांचा आकडा आमच्यापुढे ठेवण्यात आला. एकाच्या मते काहीच झाले नव्हते, दुसऱ्याच्या मते सर्वस्व गेले होते. मोजून मात्र दोघांपैकी कोणीही पाहिले नव्हते. आम्ही या दोहोंपैकी कोणाचेच न ऐकता काहीही न करण्याचा तिसरा मार्ग पत्करला. दिवा विझलेला असे तेव्हा सर्व ठीक आहे असे मानावयाचे, आणि लागे तेव्हा उद्या पाहू म्हणावयाचे, अशी आमची नीती होती.

वैशाखातील एका रात्री दहाच्या सुमारास बसवकल्याण तालुक्यातील एका वाडीहून निरोप आला. पहिलटकरीण, कळा सुरू झालेल्या, आणि डॉक्टरांनी कलबुर्गीस नेण्यास सांगितलेले. आम्ही गाडी काढली. सासूबाई व मुलीचा नवरा मागे तिच्याजवळ, सासरे आमच्या शेजारी. सस्तापूर बंगल्यापाशी सोलापूर-हैदराबाद महामार्गास लागलो, राजेश्वर मागे पडले, हुमनाबादच्या चौकातून कलबुर्गीची वाट धरली. रस्ता मोकळा होता व आम्हीही गाडी नेहमीपेक्षा वेगात हाकीत होतो. कमलापूर अद्याप दूर असताना दिवा लागला. या वेळी तो विझला नाही.

आम्ही गाडी कडेला घेऊन इंजिन बंद केले. "फादर, थांबू नगा, तासाभराचं तर काम हाय," सासरे काकुळतीने म्हणाले. टॉर्चच्या उजेडात तेलाची पट्टी काढून पाहिली. तेल दोन्ही खुणांच्या मध्ये, जेथे असावयास हवे तेथेच होते. दहा मिनिटांनी किल्ली फिरवून इंजिन सुरू केले, आणि दिवा विझला! "गेला बगा दिवा, चला आता!" मागून नवऱ्याचा आवाज आला. आमचाही हात गिअरकडे गेला होता, हे येथे कबूल केले पाहिजे. परंतु ज्या दोषाचे कारण आपणांस ठाऊक नाही, तो आपोआप नाहीसा झाला म्हणून निश्चिंत कसे व्हावे? आम्ही इंजिन पुन्हा बंद केले आणि रस्त्यात उभे राहून येणाऱ्या वाहनांस हात करू लागलो. वीस मिनिटांनी केळी पोचवून परतणारी एक जीप थांबली व त्या भल्या माणसाने चौघांसही घेतले. त्या वीस मिनिटांइतका दीर्घ काळ आमच्या आयुष्यात क्वचितच गेला असेल. जाताना सासरे आमच्याशी एक शब्दही बोलले नाहीत. पहाटे दूरध्वनी आला, तेव्हा कळले की मुलगी झाली असून बाळंतीण सुखरूप आहे.

आता, अडलेली स्त्री गाडीत असताना थांबणे योग्य होते काय? या प्रश्नावर आपल्या गावांत बरीच चर्चा झाल्याचे आमच्या कानी आले आहे. त्याचे उत्तर देण्यासाठी तो दिवा काय सांगतो हे आधी समजून घेतले पाहिजे.

पुष्कळांची कल्पना अशी असते, की तेल कमी झाले म्हणजे हा दिवा लागतो. जुन्या गाड्यांतील तांबडा दिवा तेलाचे प्रमाण मोजीतच नाही; तो दाब पाहतो. इंजिनाच्या तळाशी चेंबरमध्ये तेल साठलेले असते. तेथून पंप ते एका जाळीतून ओढून घेतो, फिल्टरमधून गाळतो आणि इंजिनाच्या अंगात कोरलेल्या बारीक वाटांनी बेअरिंगांपर्यंत पोचवितो. बीदरजवळ नौबाद येथे बहमनी काळातील भुयारी पाण्याचा मार्ग आहे, तो आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. जमिनीखालून पाणी वाहते आणि ठिकठिकाणच्या उभ्या कूपिकांतून ते दिसते. तो मार्ग गाळाने बुजला, तेव्हा पाणी जमिनीत असूनही माणसांस मिळेनासे झाले. इंजिनाचेही तसेच आहे. चेंबर तेलाने भरलेले असले, तरी वाट बुजली असता बेअरिंग कोरडेच राहते.

कोरडे राहण्याचा अर्थ काय, हे समजण्यास एक जुनी गोष्ट उपयोगी पडेल. इंग्लंडमध्ये १८८३ साली बोशां टॉवर नावाचे अभियंते रेल्वेच्या आसांच्या बेअरिंगांवर प्रयोग करीत होते. तेल घालण्यासाठी त्यांनी बेअरिंगला वरून एक भोक पाडले, तर आस फिरू लागताच त्या भोकातून तेल उलट बाहेर येऊ लागले. त्यांनी बूच बसविले, ते उडाले. लाकडी खुंटी ठोकली, तीही बाहेर ढकलली गेली. तेव्हा त्यांनी तेथे दाबमापक लावला, आणि काटा २०० पौंडांच्या शेवटच्या आकड्यापलीकडे गेला. फिरणारा आस स्वतःच तेल आपल्याखाली ओढून घेतो व त्या तेलाच्या पापुद्र्यावर तरंगतो, असे यातून दिसून आले. १८८६ साली ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी त्याचे गणित मांडले. आपल्या मोटारीतील क्रँकही असाच तरंगत असतो. त्याच्या व बेअरिंगच्या मधील फट मिलिमीटरच्या काही शतांशांइतकी, म्हणजे केसाच्या जाडीहूनही कमी असते. पंपाचे काम एवढेच, की त्या फटीच्या दाराशी तेल अखंड पोचवीत राहावे. ते पोचेनासे झाले की पापुद्रा तुटतो, धातूवर धातू घासतो आणि काही क्षणांत इंजिन जखडून बसते.

दिव्याची कळ ही दाबाने उघडझाप होणारी साधी वस्तू आहे. चांगल्या इंजिनात, गाडी वेगात असताना, दाब सामान्यतः तीन-चार किलो असतो. कळ मात्र तो सुमारे अर्ध्या किलोच्या खाली उतरल्यावरच दिवा लावते. म्हणजे दिवा लागेपर्यंत बहुतेक दाब निघून गेलेला असतो. त्या रात्री आम्ही तसेच पुढे गेलो असतो, तर कदाचित पोचलोही असतो. कदाचित चार-पाच मैलांवर, जेथे मागून वाहनही येत नाही अशा ठिकाणी, इंजिन कायमचे बंद पडले असते. म्हणून थांबलो ते योग्यच केले असे आम्ही मानतो. परंतु त्या कुटुंबाचा आमच्यावरील राग अन्यायाचा होता असे मात्र आम्ही म्हणणार नाही. आमची चूक त्या रात्री झाली नव्हती, ती होळीच्या वेळीच झाली होती. कोणासही घाई नव्हती, तेव्हा आम्ही दिव्याची चौकशी केली नाही, आणि एका अडलेल्या मुलीच्या वेळेतून तिची किंमत द्यावी लागली.

दुसऱ्या दिवशी गाडी ओढत हुमनाबादला आणली. तेथे मालमोटारींची इंजिने उघडण्यात ज्यांचे आयुष्य गेले अशा एका वयस्क उस्तादांनी आमची सारी हकीकत ऐकून घेतली आणि एवढेच म्हणाले, "फादरसाब, पैले नापेंगे, बाद में बोलेंगे." त्यांनी दिव्याची कळ काढून तिच्या जागी नळीचा दाबमापक बसविला. गार इंजिन सुरू होताच काटा चार किलोंवर गेला. इंजिन तापल्यावर, मंद चालीत, तो सव्वा किलोवर स्थिर राहिला. यात दोष काढण्यासारखे काही नव्हते. मग त्यांनी इंजिनास रेस देऊन ते तसेच धरून ठेवले. पंधरा मिनिटे काही झाले नाही. नंतर काटा हळूहळू उतरू लागला: तीन, दोन, एक, आणि त्याहूनही खाली. त्यांनी इंजिन बंद केले व चहा मागविला. चहा झाल्यावर इंजिन सुरू केले, तर काटा पुन्हा जागेवर!

"बेअरिंगे झिजली असती," उस्तादांनी आम्हांस समजाविले, "तर गरम इंजिन मंद चालताना दाब पडला असता व रेस दिल्यावर वाढला असता. तुमच्या गाडीचे उलट आहे. रेस दिली की पडतो, विश्रांती दिली की परत येतो. पंप जोराने ओढतो तेव्हा काहीतरी जाळीला जाऊन चिकटते आणि बंद केल्यावर गळून पडते." त्यांनी काढलेली कळही टाकून दिली नाही, ती दाबमापकासोबत जोडून तपासली. दाब अर्ध्या किलोखाली उतरताच ती नेमकी दिवा लावीत होती. जिची तार तोडण्याचा सल्ला आम्हांस मिळाला होता, ती बिचारी पहिल्या दिवसापासून खरी साक्ष देत होती.

चेंबर उघडले तेव्हा जाळी काळ्या चिखलाने निम्मी बुजलेली होती, आणि तळाशी रबरासारखे मऊ तुकडे पडले होते. पूर्वी कोणीतरी चेंबरच्या सांध्यातून होणारी गळती लपविण्यासाठी सिलिकॉनचा लेप सढळ हाताने लावला होता. बाहेर आलेला लेप पुसला गेला. आत दाबला गेलेला वाळून तुटला व जाळीकडे ओढला जाऊ लागला. इंजिन खालून एवढे स्वच्छ का, या न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आम्हांस असे मिळाले. उस्तादांनी एक बेअरिंग उघडून पाहिले. ते शाबूत होते. जाळी धुतली, नवे पॅकिंग, नवे तेल व नवा फिल्टर घातला. सारा खर्च साडेचार हजारांच्या आत झाला. त्यानंतर दिवा एकदाही लागलेला नाही.

ज्यांच्या घरी जुनी मोटार आहे, त्यांच्यासाठी उस्तादांकडून शिकलेल्या चार गोष्टी सांगतो. चालत्या गाडीत तांबडा दिवा लागला, तर प्रथम सुरक्षित जागी थांबून इंजिन बंद करावे. काही मिनिटांनी, सपाट जागेवर, पट्टी पुसून तेल पाहावे. कमी असेल तर खुणेपर्यंत घालावे, खुणेच्या वर घालू नये. तेल पुरेसे असूनही दिवा लागत असेल, तर इंजिन पुन्हा चालविण्यापूर्वी दाब मोजून घ्यावा.

दुसरी गोष्ट, दिवा केव्हा लागतो हे लिहून ठेवावे, कारण त्यातच निम्मे निदान असते. वळणावर किंवा ब्रेक दाबताना लागत असेल, तर तेल कमी असण्याचा संभव अधिक. इंजिन तापल्यावर मंद चालीत लागून रेस दिल्यावर विझत असेल, तर पातळ झालेले तेल, झिजलेला पंप वा झिजलेली बेअरिंगे यांचा संशय घ्यावा. आमच्यासारखा वेगात लागून विश्रांतीनंतर विझत असेल, तर जाळी पाहावी. वेगाशी वा उष्णतेशी काही संबंध न ठेवता खड्ड्यांत लुकलुकत असेल, तर तार किंवा कळ सैल असू शकते. परंतु हा निष्कर्ष दाब मोजल्यानंतरच काढावा.

तिसरी गोष्ट, दिवा लागू नये म्हणून जाड तेल भरण्याची एक युक्ती बाजारात प्रचलित आहे. जाड तेलाने काटा वर चढतो, पण बुजलेली वाट मोकळी होत नाही. गाडीच्या पुस्तकात जे तेल सांगितले असेल तेच घालावे, व जुनी गाडी घेतल्यावर पूर्वीच्या मालकाचे तेल व फिल्टर प्रथम बदलून टाकावे.

चौथी गोष्ट सर्वांत सोपी आहे व तिला एक पैसाही पडत नाही. इंजिन सुरू करण्यापूर्वी नुसती किल्ली फिरविली असता, दाब नसल्यामुळे, बहुतेक गाड्यांत हा दिवा लागलाच पाहिजे. जुनी गाडी पाहावयास जाल तेव्हा विकणाऱ्याच्या गोड बोलण्याआधी हे पाहा. दिवा मुळीच लागत नसेल, तर तो खराब आहे किंवा कोणीतरी त्याची तार आधीच तोडली आहे.

असो. गेल्या आठवड्यात सासरेबुवा स्वतः नातीस घेऊन आमच्याकडे आले होते. निघताना ते गाडीपाशी थबकले व म्हणाले, "फादर, किल्ली फिरवून दावा बरं." आम्ही दाखविली. दिवा लागला, इंजिन सुरू होताच विझला, आणि मग ते आमच्या शेजारी बसले.