थकबाकीसोबत तक्रारही पाठवा

मा. गव्हर्नर,
भारतीय रिझर्व्ह बँक, मुंबई



क्रेडिट कार्डावर भलत्याच माणसाने केलेली खरेदी, त्यावर चढलेले व्याज आणि विलंब शुल्क, हे सारे काही वर्षांनी मूळ कार्डधारकाकडे मागणाऱ्या वसुली एजंटांविषयी हे पत्र आहे. याबाबत आपले नियम मोघम नाहीत. चूक बँकेची नाही, ग्राहकाचीही नाही, अशा फसवणुकीत ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले तर त्याच्यावर एक रुपयाचीही जबाबदारी नाही, असे ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने ठरवले. ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करण्याचा भारही बँकेवरच टाकला. फसवणूक म्हणून नोंदवलेल्या व्यवहारावर वाद मिटेपर्यंत शुल्क लावू नये, असे २०२२ च्या निर्देशांनी बजावले. आणि तक्रार निकाली निघेपर्यंत प्रकरण वसुली एजंटाकडे देऊ नये, हे तर आपण २००८ सालीच लिहून ठेवले होते.

तरीही फोन येतात, कारण तक्रार आणि थकबाकी यांच्या वाटा बँकेतच वेगळ्या होतात. तक्रार एका विभागाकडे, वसुली दुसऱ्याकडे. पुढे खाते एजन्सीकडे जाते किंवा बुडीत खात्यांच्या गठ्ठ्यात मालमत्ता पुनर्रचना कंपनीला विकले जाते. फोन करणाऱ्याच्या हाती नाव, नंबर आणि रक्कम असते. ग्राहकाने तेव्हाच केलेली तक्रार त्याच्यापर्यंत पोचलेली नसते. वसुलीच्या नियमांचा भर एजंटाच्या वागणुकीवर आहे: सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन नको, धमक्या नकोत. ते हवेच. पण सभ्य भाषेत मागितले म्हणून नसलेले देणे खरे होत नाही.

जुन्या प्रकरणात ग्राहक अधिकच अडकतो. दिवाणी दाव्याची मुदत साधारण तीन वर्षांची. ती संपली तरी फोन थांबत नाहीत. घरासाठी कर्ज हवे असते, सिबिलमध्ये थकबाकी दिसते, म्हणून माणूस 'सेटलमेंट'ला तयार होतो. तिथे दुहेरी तोटा आहे. पतअहवालात 'सेटल्ड' असा शेरा पडतो आणि पुढचा कर्जदाता त्याकडे संशयाने पाहतो. शिवाय मुदतबाह्य देणे फेडण्याचे लेखी, सहीचे वचन भारतीय करार कायद्याच्या कलम २५(३) नुसार बंधनकारक ठरू शकते. जे देणे कोर्टात मागता आले नसते, ते एका सहीने जिवंत होते. हे एजंट सांगत नाही, आणि सांगायला तो बांधीलही नाही.

बँका म्हणतील, असे संरक्षण दिले तर खरे थकबाकीदारही फसवणुकीचा कांगावा करतील. काही जण करतीलच. पण त्यावरचा उपाय २००८ च्या सूचनांतच आहे: ग्राहक वारंवार खोट्या तक्रारी करतो, असा पुरावा बँकेकडे असेल तर वसुली चालू ठेवता येते. अट पुराव्याची आहे आणि ती रास्त आहे. ओटीपी वापरला गेला, म्हणजे व्यवहार ग्राहकाचाच, हा दुसरा युक्तिवाद. सिमकार्डाची अदलाबदल करून ओटीपी पळवला जातो, हे बँकांना ठाऊक आहे. परदेशी संकेतस्थळांवर तर अनेकदा ओटीपीविनाच, केवळ कार्डावरच्या आकड्यांवर खरेदी होत आली. नव्या कार्डांवर परदेशी व्यवहार मुळात बंद ठेवण्याचा आपला आदेश ऑक्टोबर २०२० पासूनचा. त्याआधीच्या व्यवहारांकडे पाहताना हे विसरून चालणार नाही. जुनी कागदपत्रे आता सापडत नाहीत, असेही सांगितले जाईल. मग ज्याचा पुरावा बँकेकडेच उरलेला नाही, ते देणे ती विकते कशाच्या आधारावर?

म्हणून मागणी एवढीच. खाते एजन्सीला देताना किंवा विकताना त्यावरील प्रत्येक तक्रार, तिचा निकाल आणि त्यामागचा पुरावा सोबत देणे सक्तीचे करा. कार्डधारकाने मागणी करताच तो पुरावा लेखी मिळावा आणि मिळेपर्यंत फोन, घरभेटी व पतअहवालातील थकबाकीची नोंद थांबावी. मुदतबाह्य रकमेची तडजोड करण्याआधी सहीचे कायदेशीर परिणाम मराठीसह ग्राहकाच्या भाषेत लिहून द्यावेत. हे न करणाऱ्या बँकेला ते खाते परत घ्यायला लावा.

कळावे,
एक बँकग्राहक