साकीनाक्याला आकाश आहे

“साकीनाक्यात तारे दिसतात कुठे? मग खगोलशास्त्र शिकवायचं कशाच्या आधारावर?” या आक्षेपात निम्मं सत्य आहे. अंधेरी-कुर्ला रस्त्यावरचे दिवे, विमानतळाचा उजेड आणि हवेतली धूळ यांतून आकाशगंगा दिसायची नाही. पण खगोलशास्त्र म्हणजे रात्र आणि दुर्बीण, हे ठरवलं कोणी? आपल्याला सर्वांत जवळचा तारा तर भर दुपारी शाळेच्या गच्चीवर तळपत असतो.

खैरानी रोडवरच्या एखाद्या वर्कशॉपमधून मीटरभर सरळ सळई आणा. ओळंबा लावून ती गच्चीत उभी करा. २३ सप्टेंबरला सव्वाबारापासून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खडूची खूण करा. सर्वांत आखूड सावली सुमारे ३५ सेंटिमीटर भरेल. तिचा काटकोन त्रिकोण वहीत काढून सळईच्या टोकाचा कोन मोजला, की १९ अंश येतात. तोच साकीनाक्याचा अक्षांश, नकाशा न उघडता काढलेला! ही सावली बाराला पडत नाही, साडेबाराच्या सुमारास पडते. आपलं घड्याळ साडेब्याऐंशी रेखांशाचं, आपण राहतो त्र्याहत्तरच्या जवळ. अंशाला चार मिनिटं. त्याच दिवशी दिल्लीतली सावली ५५ सेंटिमीटरच्या आसपास असते. दोन कोनांतला फरक आणि दोन अक्षांशांमधलं अंतर यांवरून पृथ्वीचा घेर निघतो. एराटोस्थेनिसनं बावीसशे वर्षांपूर्वी इजिप्तमध्ये हेच केलं. ढग आले तर २१ मार्च आहेच.

“पण वेळ कुठे आहे?” वेळ दिलेलाच आहे. आठवीत ताऱ्यांची जीवनयात्रा, नववीत दुर्बिणी, दहावीत अवकाश मोहिमा. मात्र हे धडे प्रश्नोत्तरं उतरवून घेण्यात संपतात आणि मुलानं स्वतः काही मोजलेलं नसतं.

वरळीचं नेहरू तारांगण १९७७ पासून आहे, ते जरूर दाखवावं. पण तिथे आकाश दुसरा कोणी फिरवतो. ऑगस्ट २०२५ मध्ये खगोलशास्त्राचं आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाड मुंबईतच झालं, याचा मला अभिमान आहे. तरी ते निवडक मुलांसाठी. माझा आग्रह जरीमरीच्या, काजूपाड्याच्या वर्गातल्या साठांपैकी साठ मुलांसाठी आहे. सूर्याकडे थेट पाहायचं नाही, एवढं त्यांना बजावलं की पुरे. दुर्बीण लागत नाही, अनुदान लागत नाही.

२३ सप्टेंबरला गच्चीचं कुलूप मात्र बाराच्या आत उघडायला हवं.