विकास मोजायचा कोणी?

सरकारी कागदात आपला विकास तुकड्या-तुकड्यांत पडलाय. वनखातं झाडं मोजतं, आरोग्यखातं पोराचं वजन, कृषीखातं एकरी पीक. आपल्या घरात हे वेगळं आहे का? मिश्र जंगल तोडून नुसता साग लावला, की मोह, कंद, रानभाजी गेली. पावसाळ्यात चुलीवर काही चढत नाही, अन् अंगणवाडीच्या काट्यावर पोर हलकं भरतं. मग पोराला पोषण आहार देतात, जंगलाचं कोणी विचारत नाही.

1990 साली संयुक्त राष्ट्रांनी मानव विकास निर्देशांक काढला. नुसतं उत्पन्न नको, आयुष्य आणि शिक्षणही मोजा, असं तो सांगतो. बरं झालं. पण जमीन-जंगलाचा हक्क त्यातही मोजत नाहीत.

गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाने अभ्यासगट चालवले. बाहेरचे जाणकार चर्चेला बसले, निर्णय मात्र ग्रामसभेचाच. 2006 च्या वनहक्क कायद्याखाली 2009 साली त्या गावाला सामूहिक हक्क मिळाला.

आमचं म्हणणं एवढंच: डॉक्टर, शेतीवाले, जंगलवाले सगळ्यांनी एकत्र यावं, आणि ग्रामसभेत बसावं. येत्या ग्रामसभेत कुपोषणाचा विषय निघाला, की वनहक्काचे अडकलेले दावे त्याच बैठकीत मांडा. ठरावात दोन्ही एकाखाली एक लिहून घ्या.