वाढीव वॉरंटी नको, पक्कं बिल हवं

धनत्रयोदशीच्या आठवड्यात देवासच्या एबी रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत पाय ठेवायला जागा नसते. किर्लोस्करच्या कारखान्यातला कामगार, बँक नोट प्रेसमधून निवृत्त झालेले काका, सोयाबीन विकून आलेला खेड्यातला शेतकरी, सगळे एकाच काउंटरपाशी. फ्रिज पसंत पडतो, भाव ठरतो, हप्ते ठरतात. बिल फाडता फाडता विक्रेता म्हणतो, "भाईसाहब, दो हजार और डाल दो, तीन साल की टेंशन खत्म." घरात वापरायच्या फ्रिज, टीव्ही, वॉशिंग मशीनसाठी हे दोन हजार देऊ नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

समोरच्या बाजूचं म्हणणं मात्र हलकं नाही, आणि ते पुरतं ऐकून घेतल्याशिवाय खोडण्यात अर्थ नाही. जुना फ्रिज म्हणजे कंप्रेसर, रिले आणि थर्मोस्टॅट. गल्लीतला मेकॅनिक तो घरी येऊन चालू करून जाई. आजच्या इन्व्हर्टर फ्रिजचा आणि एसीचा सगळा कारभार पीसीबीच्या, म्हणजे सर्किट बोर्डाच्या हाती असतो. कंपन्या 'कंप्रेसरवर 10 वर्षं' हे ठळक छापतात. पण पूर्ण यंत्राची वॉरंटी बहुधा एकाच वर्षाची असते आणि बोर्ड त्या 10 वर्षांत धरलेला नसतो. दुसऱ्या वर्षी बोर्ड गेला की खर्च हजारांत जातो. शिवाय मुलं पुण्याला नाहीतर बंगळुरूला, आणि घरात दोघंच म्हातारी माणसं, अशी घरं देवासात थोडी नाहीत. त्यांना एका फोनवर माणूस यावा असं वाटलं तर त्यात गैर काय?

गैर काहीच नाही. प्रश्न एवढाच, की त्या कागदातून ते मिळतं का?

माझ्या मावशींनी घेतलेल्या अशा वॉरंटीचा कागद मी ओळन् ओळ वाचला आहे. पहिल्या पानावर 'तीन वर्षं संपूर्ण संरक्षण'. त्यातलं पहिलं वर्ष कंपनीचंच, फुकट मिळालेलं. म्हणजे पैसे दोन वर्षांचे, तेही बारा महिने आधी भरलेले. मागच्या पानावर बारीक अक्षरांत काय काय मिळणार नाही याची यादी: दाराचं रबर, प्लास्टिकचे भाग, काच, बल्ब, गंज, उंदीर-झुरळांनी केलेलं नुकसान, आणि वीजदाबातल्या चढउतारामुळे झालेला बिघाड. ही शेवटची अट नीट वाचा. माळव्यात पावसाळ्यात वीज जाते-येते, येताना कधी जोरात येते, आणि तो झटका आधी बोर्डालाच बसतो. म्हणजे ज्या बोर्डाच्या भीतीने कागद घ्यायचा, त्या बोर्डाच्या मरणाचं एक मोठं कारण कागदाने आधीच वगळलेलं. मावशींचा बोर्ड दुसऱ्या वर्षीच्या पावसाळ्यात गेला. आलेल्या माणसाने जॉबशीटवर 'हाय व्होल्टेज' लिहिलं आणि क्लेम तिथेच संपला. पुढे बोर्ड त्यांनी स्वतःच्या पैशाने बसवला.

सगळ्यांचेच क्लेम नाकारले जातात असं मी म्हणत नाही. पण ज्यांना मिळतं त्यांचाही हिशेब करून पाहावा. समजा, एका घराने चार-पाच वर्षांत फ्रिज, वॉशिंग मशीन, टीव्ही आणि एसी मिळून सव्वा लाखाची खरेदी केली आणि प्रत्येक वेळी आठ टक्के वाढीव वॉरंटीला दिले. झाले दहा हजार. चारही वस्तू एकदम बिघडत नाहीत. एखादीचा बोर्ड गेलाच तर याच दहा हजारांतून तो येतो आणि बहुधा काही उरतंही. वॉरंटी विकणाऱ्यालाही दुरुस्तीचा खर्च आपल्यासारख्यांच्याच पैशातून करायचा असतो. त्यातून दुकानाचं कमिशन जातं, त्याचा स्वतःचा नफा जातो, वर 18 टक्के जीएसटी. संरक्षण विकत घ्यावं ते न पेलणाऱ्या संकटापासून: आजारपण, आग, कमावत्या माणसाचा मृत्यू. फ्रिजचा बोर्ड जाणं त्रासाचं आहे, पण घर बुडवणारं नाही.

हा नफा किती असू शकतो, याची चौकशी ब्रिटनमध्ये झाली आहे. तिथल्या स्पर्धा आयोगाने 2003 साली घरगुती विजेच्या उपकरणांच्या वाढीव वॉरंटीचा बाजार तपासला आणि दुकानदार अवाजवी नफा कमावत असल्याचा निष्कर्ष काढला. 2005 पासून तिथे नियम आहे: वॉरंटीची किंमत वस्तूच्या किमतीशेजारी दिसली पाहिजे, आणि ग्राहकाला 45 दिवसांत ती रद्द करून पैसे परत घेता आले पाहिजेत.

मग घरात करायचं काय? दोन हजार काउंटरवर देण्याऐवजी त्यातून चांगला स्टॅबिलायझर घ्या. फ्रिजवर 'स्टॅबिलायझरची गरज नाही' असं लिहिलेलं असेल तर किती व्होल्टपासून किती व्होल्टपर्यंत, ते मॅन्युअलमध्ये पाहा. त्या मर्यादेबाहेर ते वाक्य लागू नसतं. इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या. आणि सगळ्यात आधी, जीएसटी वाचवून देतो म्हणणाऱ्या दुकानदाराची कच्ची चिठ्ठी घेऊ नका. पक्कं बिल, त्यावर मॉडेल आणि सीरियल नंबर, आणि वॉरंटी कार्डावर इन्स्टॉलेशनची तारीख.

त्या बिलामागे कायदा उभा आहे, आणि तो वेगळे पैसे मागत नाही. 2019चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै 2020 पासून लागू झाला. तक्रार आता आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, म्हणजे कंपनी दिल्लीची असली तरी देवासच्या जिल्हा उपभोक्ता आयोगात. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील सक्तीचा नाही. कारण घडल्यापासून दोन वर्षांत जावं लागतं. आधी 1915 या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन केला तर पुष्कळदा तिथेच मिटतं. कायदा झिजलेला भाग बदलून देणार नाही, हे खरं. पण वस्तू मुळातच सदोष निघाली तर तिथे दाद मागता येते. वाढीव वॉरंटी आधीच घेतली असेल आणि क्लेम अन्यायाने नाकारला असेल, तर तीही विकत घेतलेली सेवाच आहे; तिच्याबद्दलही तक्रार करा.

एक अपवाद मी मान्य करतो. ज्याची रोजची कमाई लॅपटॉपवर आहे, त्याने थेट उत्पादकाची, घरी येऊन दुरुस्ती करणारी आणि पडझडही धरणारी वॉरंटी अटी वाचून घ्यावी. तिथे दोन दिवस यंत्र बंद म्हणजे दोन दिवसांची मजुरी बुडाली.

म्हाताऱ्या माणसांच्या सोयीचं म्हणाल, तर कंपनीचं सेवाकेंद्र देवासात आहे की माणूस इंदूरहून यायचा, हे फ्रिज घेण्याआधी विचारा. ओळखीच्या मेकॅनिकचा नंबर मोठ्या अक्षरांत फ्रिजवर चिकटवून ठेवा. मावशींकडे बोर्ड बसवायला तोच आला, आणि सकाळी फोन केला तर दुपारी आला.

ग्राहक व्यवहार विभागाने 2022 साली दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केलं आणि 2024 साली फ्रिज-एसीच्या कंपन्यांना वॉरंटी खरेदीऐवजी इन्स्टॉलेशनच्या तारखेपासून मोजायला सांगितलं. त्याच विभागाने आता वाढीव वॉरंटीकडे वळावं. वगळलेल्या गोष्टींची यादी पहिल्या पानावर, ठळक अक्षरांत आणि ग्राहकाच्या भाषेत असली पाहिजे. आणि घरी जाऊन ती शांतपणे वाचल्यावर पैसे परत मागायला आपल्याकडेही 45 दिवस मिळाले पाहिजेत.