जास्तीचा करंट येतो कुठून?

बक कन्व्हर्टरचा विषय निघाला की व्हायव्हात हमखास विचारतात, ‘ड्यूटी सायकल म्हणजे काय?’ उत्तर पाठ असतं, मार्क मिळतात, विषय संपतो. माझं मत विचाराल तर प्रश्न असा हवा: १२ व्होल्टचे ५ व्होल्ट करून लोडला १ अँपिअर दिला, तरी सप्लायमधून साधारण ०.४६ अँपिअरच घेतला. मग उरलेला करंट आला कुठून?

७८०५ लावला असता तर हा प्रश्नच नव्हता. तिथे जेवढा करंट बाहेर, जवळजवळ तेवढाच आत. वरच्या ७ व्होल्टची चक्क उष्णता होते. घेतले १२ वॅट, वापरले ५ आणि ७ वॅट हीट सिंकला अर्पण!

बक कन्व्हर्टरमध्ये मात्र हिशोब पॉवरचा असतो. शंभराची नोट मोडली की दहाच्या नोटा जास्त हातात येतात, पैसे वाढत नाहीत. उलट मोडणारा थोडी वटणावळ कापून घेतो. एफिशियन्सी ९० टक्के धरली तर आपली वटणावळ १० टक्के. ५ वॅटसाठी साधारण ५.६ वॅट घ्यायचे, भागिले १२, झाले ०.४६ अँपिअर.

पण हा झाला नुसता हिशोब. खरी गंमत इंडक्टरची आहे. स्विच चालू असताना करंट सप्लायमधून इंडक्टरमार्गे लोडला जातो. स्विच बंद झाला तरी इंडक्टर करंट एकदम तुटू देत नाही. तो डायोडमधून फिरून लोडला मिळतच राहतो. त्या वेळात सप्लायमधून स्विचमार्गे काहीच येत नाही. १२ चे ५ करताना स्विच सुमारे ४२ टक्के वेळच चालू असतो. म्हणून सप्लायचा सरासरी करंट ०.४२ अँपिअर, आणि लॉस धरून ०.४६. म्हणजे जास्तीचा करंट सप्लायमधून येतच नाही, तो आतल्या आत फिरतो!

हे नीट कळलं नाही तर प्रोजेक्टमध्ये फटका बसतो. बॅटरी उतरून १० व्होल्टवर आली की ७८०५ तेवढाच करंट घेतो, पण बक कन्व्हर्टर ०.४६ वरून ०.५६ वर जातो. फ्यूज आणि वायर ठरवताना बॅटरीचा सर्वांत कमी व्होल्टेज धरायला हवा, भरलेल्या बॅटरीचा नाही. शिवाय स्विच सप्लायमधून करंट झटक्याझटक्याने ओढतो, म्हणून इनपुट कपॅसिटर आयसीच्या अगदी जवळ लागतो. सर्किटमध्ये तो शोभेसाठी काढलेला नसतो.

म्हणून आमच्या लॅबला एकच विनंती. ७८०५ आणि बक कन्व्हर्टर शेजारी शेजारी ठेवा, दोन्हींच्या इनपुटला आणि आउटपुटला अँमीटर लावा, आणि सप्लाय हळूहळू कमी करायला सांगा. एकाचा काटा जागेवर राहील, दुसऱ्याचा वर चढेल. का चढला, ते ज्याला सांगता येईल त्यालाच मार्क द्या!