मुक्त बाजारातील नेमबाज

पैसा मोजला की गुणी माणूस मिळतो. परंतु ज्या वातावरणात त्याचे गुण फुलले, ते त्याच्याबरोबर येत नाही. अमेरिकेतील ऑर्लँडो मॅजिक या व्यावसायिक बास्केटबॉल संघाला हा धडा २०२४-२५ च्या हंगामात मिळाला. आदल्या हंगामात या तरुण संघाने ४७ सामने जिंकले आणि बाद फेरीत क्लीव्हलँडशी सातव्या सामन्यापर्यंत झुंज दिली. बचाव भक्कम होता. उणीव होती ती दुरून अचूक नेम साधणाऱ्या ‘शूटिंग गार्ड’ची.

करार संपलेल्या खेळाडूंच्या मुक्त बाजारात जुलै २०२४ मध्ये संघाने केंटेव्हियस कॉल्डवेल-पोप या अनुभवी खेळाडूस तीन वर्षांसाठी ६ कोटी ६० लाख डॉलर देऊन आणले. २०२० मध्ये लॉस एंजेलिस लेकर्सच्या आणि २०२३ मध्ये डेन्व्हरच्या विजेतेपदात त्याचा वाटा होता. डेन्व्हरमधील अखेरच्या हंगामात तीन गुणांच्या फेकींपैकी ४० टक्क्यांहून अधिक त्याने साधल्या होत्या. ऑर्लँडोत हे प्रमाण ३४ टक्क्यांवर घसरले आणि अशा फेकींच्या अचूकतेत संघ एनबीएच्या तीस संघांत तळाशी राहिला. दोष एकट्या खेळाडूचा नव्हता. पाओलो बँकेरो व फ्रान्झ वॅग्नर हे संघाचे आधारस्तंभ दुखापतींमुळे बराच काळ बाहेर होते. शिवाय डेन्व्हरमध्ये निकोला योकिचसारखा असामान्य सहकारी मोकळ्या जागी नेमका चेंडू पोहोचवीत असे. तो काही करारपत्रासोबत आला नव्हता.

जून २०२५ मध्ये ऑर्लँडोने दुसरा मार्ग धरला. डेझमंड बेन या नेमबाजासाठी त्याने कॉल्डवेल-पोप, कोल अँथनी आणि नव्या खेळाडूंच्या निवडीतील पहिल्या फेरीचे चार हक्क मेम्फिसला दिले. ज्या बेनसाठी भविष्य असे गहाण पडले, तो २०२० च्या निवडीत तिसाव्या क्रमांकावर उपलब्ध होता. पारख वेळेवर झाली नाही की किंमत अशी चढते.

या व्यवहारात एक गोष्ट मात्र सहज नजरेआड होते. कॉल्डवेल-पोप ऑर्लँडोस स्वतःच्या निर्णयाने आला. मेम्फिसला मात्र त्याची रवानगी झाली. बदलीचा हुकूम हाती पडलेल्या कोणत्याही नोकरदारास हा फरक समजावून सांगण्याची गरज नाही. खेळाडूचे स्वातंत्र्य दोन करारांमधील काही दिवसांपुरतेच असते आणि तेवढेही त्याला सहज लाभलेले नाही. खेळाडूंच्या संघटनेचे अध्यक्ष ऑस्कर रॉबर्टसन यांनी १९७० मध्ये दावा दाखल केला, १९७६ मध्ये तडजोड झाली आणि ठरावीक सेवा पूर्ण केलेल्या खेळाडूंना संपूर्ण मोकळीक मिळण्यास १९८८ साल उजाडावे लागले.

म्हणून मुक्त खेळाडूवर पैशाच्या लोभाचा व निष्ठाहीनतेचा आरोप करणाऱ्यांनी थोडा विचार करावा. निष्ठा ही दुहेरी असते. वर्षभरात खेळाडूला दुसरीकडे धाडण्याचा अधिकार संघाला हवा असेल, तर करार संपल्यावर आपली वाट निवडण्याचा अधिकार खेळाडूलाही असलाच पाहिजे. चुकीच्या निवडीचे खापर त्या स्वातंत्र्यावर फोडणे सोपे आहे. संघबांधणीची दृष्टी कमविणे कठीण. ती कोणत्याही बाजारात विकत मिळत नाही.